बावीस फुटांची काच आणि अण्णांचा पायपंप

आमच्या जिन्याला बावीस फूट उंच काच आहे, आणि तिच्याबद्दल कुणाला दोष द्यायचा झाला तर तो मलाच द्यावा लागतो.

अठ्ठ्याण्णव साली रत्नागिरीत, गावाबाहेरच्या चढावर आम्ही घर बांधायला काढलं. त्याच सुमारास ऑफिसच्या कामाने मी कोल्हापूरला गेलो आणि तिथे एका साहेबांच्या बंगल्याला जिन्याच्या अंगाने वरपासून खालपर्यंत काच पाहिली. झालं. ती डोक्यात बसली ती उतरेना. चांगली चिऱ्याची भिंत येणार होती, ती मी थांबवली. जमिनीला लागून सुरू होणारी आणि बाविसाव्या फुटाला संपणारी, कुठेही न उघडणारी काच बसवून घेतली. आर्किटेक्ट खूश, गवंडी खूश, मी तर काय विचारूच नका. एकटे अण्णा, म्हणजे माझे वडील, खाली अंगणात उभे राहून मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

"बाहेरून पुसायची कोणी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "अण्णा, काच पुसायला नसते. बघायला असते."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. पुढे आठ वर्षं ते मला घरातल्या प्रत्येक माणसाने निदान एकेकदा ऐकवलं.

कारण कोकणातली काच म्हणजे काय चीज आहे हे कोल्हापूरच्या साहेबांना कुठून माहीत असणार! पावसाळ्यात तिच्यावर हिरवं शेवाळ धरतं. पाऊस संपला की रस्त्यावरची तांबडी धूळ त्या शेवाळावर येऊन बसते, आणि वर समुद्राकडून खारा वारा येऊन सगळं नीट चिकटवून जातो. आतली बाजू जिन्यावर उभं राहून पुसता येते. बाहेरची बाजू अण्णा पुसायचे. दरवर्षी दसऱ्याच्या आधी ते आंबे उतरवायची लांब शिडी काढायचे, कमरेला फडकं खोचायचे आणि सरळ वर. आयुष्यभर आंब्याच्या कलमांवर चढलेला माणूस. त्यांना बावीस फूट म्हणजे काहीच नव्हतं. मी खाली शिडी धरून उभा राहायचो आणि "सांभाळून, सांभाळून" म्हणायचो. माझं योगदान तेवढंच.

काच पुसण्यात त्यांचा स्वतःचाही एक मतलब होता. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर त्यांची खुर्ची असायची. तिथून काचेतून समोरच्या उतारावरची आमची कलमं दिसायची. सकाळचा चहा घेऊन ते तिथे बसायचे आणि कुठल्या झाडाला पालवी आली, कुठल्याला मोहोर येईलसं वाटतं, हे आईला जिन्यावरून ओरडून सांगायचे. आई स्वयंपाकघरातून "हो हो" म्हणायची.

मग एका मे महिन्यात अण्णा शिडीवरून पडले. उंचावरून नव्हे, तिसऱ्या पायरीवरून. पण वय बहात्तर. खांद्याचं हाड मोडलं, दोन महिने हात गळ्यात. डॉक्टरांनी सांगितलं, आता चढायचं बंद. एवढं एकच वाक्य डॉक्टरांचं होतं. बाकीची कलमं आम्ही जोडली. बाग करारावर देऊन टाकली. आंबे उतरवायची त्यांची घळ (लांब बांबूला जाळी लावलेली असते ना, ती) माळ्यावर गेली. कोयती आईने लपवली. जड उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही, विहिरीवर वाकायचं नाही. एवढं सगळं झाल्यावर अण्णांकडे उरलं काय, तर मागच्या अंगणातल्या सात पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आणि ती जिन्यातली खुर्ची.

त्या दसऱ्याला काच तशीच राहिली. पुढच्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, भाद्रपद संपत आला तसे अण्णा खुर्चीत बसून काचेकडे बघायला लागले. काचेतून नव्हे, काचेकडे. मला धडकी भरली. एके दिवशी जेवताना म्हणाले, "दसऱ्याच्या आत काच पुसायची आहे."

"मी बघतो त्याचं," मी म्हटलं.

"तू काय बघणार? तुला स्टुलावर चढून बल्ब बदलताना घाम फुटतो."

हे खरं होतं, म्हणून मी भात कालवत राहिलो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. गडी लावू म्हटलं तर अण्णा त्याला हाकलून देणार आणि स्वतः चढणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. शिडी लपवू म्हटलं तर सोळा हातांची शिडी लपवायची कुठे?

तेव्हा मला मोहन आठवला. मोहन माझा कॉलेजातला मित्र. मुंबईला काचेच्या इमारती साफ करायचं कंत्राट घेतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, अरे, चढायचं कशाला? आता परदेशातून लांब काठ्या आल्या आहेत. एकात एक बसणाऱ्या नळ्या, ओढल्या की लांब होतात. टोकाला ब्रश, आतून पाण्याची बारीक नळी, ब्रशातूनच पाणी येतं. माणूस जमिनीवर उभा राहून तिसरा मजला धुतो. माझ्याकडे एक जुनी पडली आहे, घेऊन जा.

मी शनिवारी जाऊन आणली. मोहनने तंत्र समजावून सांगितलं. साबण लावायचा नाही. वरच्या चौकटीपासून सुरुवात करायची, ब्रश वरखाली फिरवायचा, मग ब्रश थोडा उचलून नुसतं पाणी सोडायचं. आणि मुख्य म्हणजे पुसायचं नाही, आपोआप वाळू द्यायचं. त्याने एक मोठा फिल्टरही पुढे केला. म्हणाला, पाणी अगदी शुद्ध लागतं, नाहीतर वाळल्यावर डाग राहतात. मी हसलो. म्हटलं, मोहन, आमच्या विहिरीचं पाणी प्यायला मुंबईचे पाहुणे बाटल्या घेऊन येतात. फिल्टर ठेव तुझ्याकडे.

(मी पाण्याशी संबंधित एका सरकारी खात्यात तेवीस वर्षं नोकरीत होतो. खात्याचं नाव सांगत नाही. पुढचं वाचल्यावर का ते कळेल.)

आता काम अण्णांच्या नकळत उरकायला हवं होतं. संगमेश्वरला माझी आत्या राहते. तिला फोन करून मी अण्णांना दोन दिवस राहायला बोलवायला लावलं. अण्णांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं, पण बहिणीचा शब्द मोडवेना. सकाळच्या एसटीत मी त्यांना बसवून दिलं, गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवला, आणि जवळजवळ धावत घरी आलो.

काठी उघडली. एक एक नळी ओढून चाप लावत गेलो. फायबरची असल्याने हलकी होती, पण वीस फूट लांब झाल्यावर तिचं टोक स्वतःच्या मर्जीने चालायला लागलं. मी डावीकडे जा म्हटलं की ते विचार करून उजवीकडे जायचं. अंगणातल्या नळाला पाइप जोडला, नळ सोडला, ब्रश वर नेला. पाणी येईना. म्हणजे खाली असताना येत होतं, वर नेलं की नुसतं ठिबकत होतं. ठिबकलेलं पाणी काठीवरून ओघळत माझ्या बाहीत शिरत होतं आणि बाहीतून थेट बगलेत.

माझी बायको सुलभा पायरीवर बसून बघत होती. ती म्हणाली, "अहो, आपली टाकी गच्चीवर आहे. काच जवळजवळ गच्चीपर्यंत आहे. टाकीच्याच उंचीवर पाणी जोराने कसं चढेल?"

तेवीस वर्षं नोकरी. मी नळ बंद केला.

म्हणजे पाण्याला जोर हवा. जोर म्हटल्यावर मला अण्णांचा पायपंप आठवला. पोफळींवर पावसाळ्यात औषध फवारायला ते तो वापरायचे. एका बाजूची नळी पिंपात सोडायची, पायाने दांडा मारायचा, दुसऱ्या बाजूने पाणी जोरात निघतं. पंप मागच्या पडवीत होता. शेजारी झाकण लावलेली दोन पिंपं होती, दोन्ही भरलेली. मला वाटलं, वा, पाणीसुद्धा तयार! पहिल्याचं झाकण उघडलं. आत निवळशंख पाणी. सुलभाला बोलावलं, दोघांनी ते पिंप सरकवत, न सांडता पुढे आणलं, पंपाची नळी तळापर्यंत सोडली आणि ती पंपावर उभी राहिली.

पहिल्या चार दणक्यांतच ब्रशातून असं पाणी आलं की मी ओरडलो, "आलं!" काठी उचलली, वरच्या चौकटीकडे नेली, आणि ब्रश गेला पन्हळीत. पन्हळीत चार महिन्यांचा पालापाचोळा कुजत पडला होता. तो सगळा माझ्या डोक्यावर आला. चष्मा पुसायला हात मोकळा नव्हता. तसाच काठी सावरत ब्रश काचेवर टेकवला आणि मोहनने सांगितल्याप्रमाणे वरखाली, वरखाली. शेवाळ निघायला लागलं. खरंच निघायला लागलं हो. मला इतका आनंद झाला की मी सुलभाला थांबूच देईना.

"पाणी जरा पांढरट दिसतंय का हो?" ती धापा टाकत म्हणाली.

"धूळ निघतेय," मी म्हटलं.

अर्ध्या तासाने काचेवर निळसर झाक दिसायला लागली. माझ्या चष्म्यावर थेंब, थेंबांतून दिसतंय ते सगळं अंधुक. मी म्हटलं, "सुलभा, बघ, आकाश दिसायला लागलं काचेत!"

तेवढ्यात आमचे शेजारी साळवीभाऊ कुंपणाशी आले. ते शांतपणे वर बघून म्हणाले, "आज मळभ आहे, श्रीकांतराव."

मी त्याकडे लक्ष दिलं नाही. सबंध काच न्हाऊ घातली, पंप थांबवला आणि सुलभाने फडकं आणलं तर ते तिच्या हातातून काढून घेतलं. म्हटलं, पुसायचं नाही. तंत्र आहे ते. आपोआप वाळू द्यायचं. मग मी आंघोळीला गेलो. दुपारी मळभ गेलं, चांगलं कडक ऊन पडलं, आणि काच तंत्रशुद्ध रीतीने वाळली.

चार वाजता बाहेर येऊन पाहिलं. बावीस फुटांची काच मोरचुदासारखी निळी झाली होती. मोरचुदासारखी म्हणतोय, पण तो मोरचूदच होता. पोफळींना कोळेरोग लागू नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून जे औषध करतात, त्याचं उरलेलं मिश्रण अण्णांनी त्या पिंपात ठेवलं होतं. ते रात्रभर निवळून वर पाणी आणि तळाला गाळ बसला होता, आणि मी नळी सोडली होती बरोबर तळाला. त्यात अण्णा राळ घालतात. का, तर कोकणातल्या धो धो पावसातही ते पोफळीच्या शिपुटांवरून, म्हणजे सुपारीच्या घोसांवरून, धुऊन जाऊ नये म्हणून. मी नखाने खरवडून पाहिलं. नख निळं झालं, काच तशीच.

साळवीभाऊ पुन्हा आले. "निळी काच घेतलीत वाटतं?" म्हणाले. "चांगली दिसते. थंडावा राहील."

खरं सांगतो, त्या वेळी मला हसू आलं नाही. मी जिन्यात गेलो. मधल्या टप्प्यावर अण्णांची खुर्ची. तिच्यात बसलो आणि समोर पाहिलं. कलमं दिसत नव्हती. उतार दिसत नव्हता. नुसता एक निळा उजेड. म्हाताऱ्याकडे उरलेलं होतं नव्हतं तेवढं मी एका दुपारात बंद करून टाकलं होतं. आणि भीती ही, की आता तर ते चढल्याशिवाय राहणारच नाहीत.

संध्याकाळच्या एसटीने अण्णा परत आले. दोन दिवस राहायचं सोडून त्याच दिवशी. आईने विचारलं तर म्हणाले, "तिथे बसलो नि मला काच आठवली." अंगणात उभे राहून त्यांनी घर बांधताना पाहिलं होतं तसंच मान वर करून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझे कानही निळे होते, रंग दोन दिवस निघाला नाही. अण्णा जेवले आणि झोपायला गेले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी सहाला आईने मला हलवून उठवलं. तिचा चेहरा पाहूनच मी धावलो. शिडी भिंतीला लावलेली होती आणि अण्णा पाचव्या पायरीवर होते. कमरेला फडकं, एका हातात खराटा. मोडलेल्या बाजूचा हात शिडीला.

"अण्णा, खाली या."

"शिडी धर."

"नाही धरणार. खाली या."

त्यांनी सहाव्या पायरीवर पाय ठेवला. मी शिडी धरली. दुसरं काय करणार! शिडी माझ्या हातात हलत होती. त्यांना ते कळलं. ते थांबले, पण खाली बघितलं नाही.

"डॉक्टरने चढू नको म्हटलंन," ते म्हणाले. "हात बांधून बस असं नाही म्हटलंन. ते तुम्ही म्हटलंत. बाग दिलीत, घळ माळ्यावर टाकलीत. काच पुसू नको. मग मी करू काय, सांग. नुसतं बसून बघू? आता तर तेही दिसत नाही."

त्यांना जपायचं जपायचं म्हणून आम्ही त्यांच्या हातातली एकेक गोष्ट काढून घेत गेलो होतो, आणि मला ते जिन्यातल्या त्या निळ्या उजेडात बसेपर्यंत कळलं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "अण्णा, मला ती काठी चालवता येत नाही. तिचं टोक ऐकत नाही माझं. तुम्ही दाखवता का?"

वरून आधी खराटा खाली आला. मग एक पाय खाली आला. मग दुसरा. शेवटच्या पायरीवरून उतरेपर्यंत मी शिडी सोडली नाही.

अण्णांनी काठी हातात घेतली, तोलून पाहिली. बूड कमरेला टेकवलं, एक हात खाली, एक वर, आणि टोक न डगमगता सरळ वरच्या चौकटीला जाऊन लागलं. पन्नास वर्षं याच हातांनी, पानाआडचा एक एक आंबा देठासकट जाळीत घेतलेला. ते वर बघत म्हणाले, "घळच आहे ही. फक्त आंबा नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोफळीला औषध मारायला मी बांबूला नळी बांधून दरवर्षी हेच करतो. पडवीत समोर टांगलाय. त्यासाठी मुंबईला गेलास?"

पडवीत खरंच टांगलेला होता. पंप घेताना मी त्याच्याखालून वाकून गेलो होतो.

पण काचेवरचा मोरचूद पाण्याने हलेना. तिथे आई पुढे आली. ती म्हणाली, तांब्याच्या हंड्यावर असंच निळं चढतं, ते आमसुलाने जातं. राळेला आधी सोड्याचं गरम पाणी मारा, मग आमसुलाचं. चुलीवर दोन मोठी पातेली चढली. वर्षाची आमसुलं त्या दिवशी संपली. आधी सोडा, मग आमसूल. अण्णा खालून ब्रश फिरवत होते आणि निळं पाणी भिंतीवरून ओघळून येत होतं. मग मी विहिरीच्या पाण्याची बादली आणली तर अण्णा म्हणाले, "ते नको. जांभ्या दगडातलं पाणी आहे, डाग राहतील. दुसरं पिंप आण."

"त्यात काय आहे?" मी आता विचारूनच हात लावत होतो.

"पागोळ्यांचं पाणी. पावसाचं. त्याचा डाग पडत नाही."

म्हणजे मोहनचा फिल्टरही आमच्या पडवीत होता, झाकण लावून. दोन पिंपांतलं मी नेमकं दुसरं उघडलं नव्हतं.

ऊन वर यायच्या आत काच धुऊन झाली. अण्णांनी ती पुसू दिली नाही. आपोआप वाळली. मग ते हात धुऊन जिन्यात गेले, खुर्चीत बसले, आणि थोड्या वेळाने आईला ओरडून सांगितलं, "अगो, ओढ्याकडच्या कलमाला पालवी फुटलीय बघ!" आई स्वयंपाकघरातून "हो हो" म्हणाली नाही. ती पदराला हात पुसत जिना चढून वर गेली आणि दोघं बराच वेळ तिथे होती. मी खाली पिंप घासत होतो.

शिडीवर त्यानंतर अण्णा कधी चढले नाहीत. ती मागच्या अंगणात आडवी टेकवून त्यांनी तिच्यावर तोंडलीचा वेल सोडला. घळ मात्र माळ्यावरून खाली आली.

तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याच्या आधी काच धुतली जाते. काठी अण्णांकडे, पाणी पागोळ्यांचं, आणि पायपंपावर मी. तेवीस वर्षं पाण्याच्या खात्यात काढली, पण पाणी खरोखर वर चढवलं ते अण्णांच्या हाताखाली. तेसुद्धा त्यांच्या मनासारखं नाहीच. दर पाच मिनिटांनी काचेवरची नजर न काढता ते म्हणतातच, "जोर कमी पडतोय रे. सुलभाला बोलाव."